ओढ्यात सापडलेले हाडांचे तुकडे : ओळख कोठवर पटते?

प्रश्न : पावसाचे पाणी ओसरल्यानंतर एका ओढ्याच्या वळणावर, गोट्यांच्या राशीत मला सहा तुकडे सापडले. पहिला वीतभर लांब, काळपट तपकिरी, चांगलाच जड आणि आतून पन्हळीसारखा पोकळ आहे. दुसरा चपटा असून त्याची एक कड नागमोडी दातेरी आहे. तिसऱ्यावर सर्वत्र बारीक छिद्रे आहेत. चौथा साधारण काड्यापेटीएवढा असून त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारख्या खाचा आहेत. पाचवा दाढेसारखा दिसतो. सहावा पांढुरका व हलका असून त्याचे एक टोक अगदी सरळ आहे. सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे सोबत पाठवीत आहे. हे जीवाश्म आहेत का, असल्यास कोणत्या प्राण्यांचे आणि किती जुने?

उत्तर : आपण विचारलेल्या तीन गोष्टींची उत्तरे तीन वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. वस्तू हाड आहे की दगड, हे तिच्या अंतर्रचनेवरून कळते. हाड कोणाचे, हे आकारावरून आणि विशेषतः सांध्याच्या पृष्ठभागावरून कळते. ते किती जुने, हे मात्र ज्या थरातून ते निघाले त्या थरावरून ठरते, आणि ओढ्याने वाहून आणलेल्या तुकड्याच्या बाबतीत नेमका हाच पुरावा मागे राहिलेला असतो. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांबद्दल मी बरेच सांगू शकेन. तिसऱ्यासाठी आपल्याला पुन्हा ओढ्याकडे जावे लागेल.

प्रथम रचना पाहू. कोणत्याही मोठ्या हाडाला बाहेरून घट्ट अस्थीचे कवच असते आणि आत, विशेषतः टोकांकडे, जाळीदार अस्थी असते. लांब हाडांच्या मधल्या भागात मज्जेची पोकळी असते. तुटलेली कड दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहिली, की बाहेरचा दाट पट्टा, त्यातील रक्तवाहिन्यांची सुईच्या टोकाएवढी किंवा त्याहूनही बारीक रंध्रे आणि आतील जाळी हा क्रम दिसतो. जाळीतील तंतू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांना बहुधा एक दिशा असते, कारण शरीराचा भार ज्या दिशेने पडतो त्या दिशेने ते वाढलेले असतात. दगडात अशी रचना सापडत नाही.

आपला तिसरा तुकडा याच कसोटीवर बाद होतो. त्याची छिद्रे सुटी व गोलसर आहेत, काठापासून मध्यापर्यंत सारखीच पसरलेली आहेत आणि बाहेर दाट कवच कोठेही नाही. लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे झालेला हा सच्छिद्र बेसाल्ट आहे. जाळीदार हाड समजून घरी आणल्या जाणाऱ्या दगडांत याचा क्रमांक फार वरचा आहे, त्यामुळे आपण चुकलात असे मानण्याचे कारण नाही. अश्मीभूत लाकडाचाही असाच घोटाळा होतो. परंतु लाकडात धागे एकाच दिशेने समांतर धावतात आणि आडव्या छेदात बहुधा वाढीची वलये दिसतात.

आता रंगाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपण पहिल्या तुकड्याचा काळपट रंग विशेष ठळकपणे नोंदवला आहे. हाड पाण्यात किंवा ओल्या मातीत पडले, की लोह व मँगनीज यांची संयुगे आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातील द्रव्ये त्यात मुरतात. काही दशकांपूर्वीचे हाडही अशा जागी काळे पडू शकते, आणि लाखो वर्षांपूर्वीचे हाड चुनखडीत फिकट राहू शकते. रंगावर विसंबण्याचा धोका किती मोठा आहे, हे इंग्लंडमधील पिल्टडाउन प्रकरणाने दाखवून दिले. ससेक्स परगण्यात गोट्यांच्या थरातून मिळाल्याचे सांगितलेले कवटीचे व जबड्याचे तुकडे १९१२ साली आदिमानवाचे म्हणून जाहीर झाले. ते बनावट असल्याचे सिद्ध व्हायला १९५३ साल उजाडावे लागले. कवटी अलीकडच्या मानवाची होती, जबडा ओरँगउटानचा होता आणि दोन्हींना रसायनांनी तपकिरी रंग दिलेला होता. भूजलातून हाडात मुरणाऱ्या आणि हाड जितका काळ जमिनीत राहील तितक्या वाढणाऱ्या फ्लोरिनचे प्रमाण मोजले गेले, तेव्हा रंगामागचे सत्य बाहेर येऊ लागले.

रंगापेक्षा वजन अधिक विश्वसनीय आहे. हाडातील सूक्ष्म पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेले कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाची संयुगे साचतात आणि हाड हळूहळू जड होत जाते. असे हाड दुसऱ्या दगडावर अलगद टेकवले, तर चिनीमातीच्या भांड्यासारखा स्वच्छ आवाज येतो. ताज्या हाडाचा आवाज बसका असतो. आपल्या पहिल्या तुकड्याच्या तुटलेल्या कडेवर, जाळीच्या घरांमध्ये चकाकणारे बारीक स्फटिक छायाचित्रातही दिसत आहेत. तो खनिजांनी भरलेला आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. मात्र खनिज भरण्याचा वेग जागोजागी वेगळा असतो, म्हणून जडपणावरून वर्षे मोजता येत नाहीत. सुमारे १०,००० वर्षांहून जुन्या अवशेषांना जीवाश्म म्हणण्याचा प्रघात आहे. ती सोयीसाठी आखलेली रेषा असून ती ओलांडताना हाडात एकाएकी काही बदल होत नाही.

आता तुकडे कोणाचे, या प्रश्नाकडे वळतो. आपल्या संग्रहातील सर्वांत बोलका तुकडा चौथा आहे. दोन्ही टोकांना कप्पी असलेले हे हाड म्हणजे मागच्या पायाच्या घोट्यातील अस्थी. दुहेरी कप्पीची ही रचना समखुरी प्राण्यांची, म्हणजे गाईगुरे, हरणे, शेळ्यामेंढ्या, डुकरे, उंट यांच्या गटाची खूण आहे. घोड्याच्या घोट्यातील याच हाडाला वरच्या बाजूला एकच खोल, तिरपी कप्पी असते आणि खालची बाजू जवळजवळ सपाट असते. हे हाड आखूड, घट्ट आणि चिवट असल्यामुळे इतर हाडांचा चुरा झाला तरी ते बऱ्याचदा अखंड उरते, आणि ओळख पटविण्याच्या दृष्टीने ते लांबलचक पण टोके तुटलेल्या हाडापेक्षा कितीतरी उपयुक्त ठरते. त्याचे महत्त्व केवढे, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर राहत होते हे माहीत होते, पण ते कोणत्या गटातील, यावर दीर्घकाळ वाद होता. पाकिस्तानात सापडलेल्या आदिम देवमाशांच्या घोट्याची हाडे २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यांत हीच दुहेरी कप्पी होती, आणि देवमासे समखुरी प्राण्यांचे वंशज आहेत याला हाडांचा ठोस पुरावा मिळाला. आपल्या हाडाचा आकार पाहता ते मोठ्या हरणाचे किंवा लहान बांध्याच्या गुराचे असावे. कप्प्यांच्या कडा शाबूत असल्याने संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहिल्यास याहून नेमके नाव मिळण्याची आशा आहे.

पाचवा तुकडा दाढच आहे. चघळण्याच्या पृष्ठभागावर इनॅमलच्या, म्हणजे दातावरील कठीण आवरणाच्या, चंद्रकोरीसारख्या रेषा आहेत आणि दोन पाळ्यांच्या मधोमध एक बारीक खांब उभा आहे. असा खांब गाईगुरांच्या दाढेत ठळक असतो, शेळ्यामेंढ्यांच्या दाढेत सहसा नसतो. घोड्याची दाढही उंच व चौकोनी असते, पण तिच्यातील इनॅमलच्या घड्या अधिक गुंतागुंतीच्या असतात. हत्तीची दाढ तर एकामागे एक रचलेल्या पट्ट्यांची असल्याने तिचा लहानसा तुकडाही ओळखू येतो. इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे आणि दाताचा आकार आहाराप्रमाणे घडलेला असतो, म्हणून जीवाश्मांचा अभ्यासक शक्य असल्यास प्रथम दातच मागतो. आपली दाढ गोवर्गातील प्राण्याची आहे असे म्हणता येईल. तो पाळीव होता की रानटी, हे एका दाढेवरून सांगणे धाडसाचे होईल.

दुसऱ्या तुकड्याची दातेरी कड म्हणजे दोन हाडे जुळण्याची शिवण आहे. अशा शिवणी सस्तन प्राण्यांच्या कवटीतही असतात, परंतु आपल्या तुकड्याच्या बाहेरील बाजूवर शिवणीपासून दूर जाणारी एक उथळ, सरळ खाच आहे. कासवाच्या हाडांच्या कवचावर शृंगद्रव्याचे, म्हणजे शिंगे व नखे ज्याची बनतात त्या पदार्थाचे, खवले असतात आणि त्या खवल्यांच्या सीमा खालच्या हाडावर अशाच खाचा उमटवतात. खवल्यांच्या सीमा व हाडांच्या शिवणी सहसा एकमेकींवर पडत नाहीत. हा कासवाच्या कवचाचा भाग आहे. मृदुकवची कासवाचा असता तर खाचांऐवजी खळगे व कंगोरे यांची नक्षी दिसली असती.

सहाव्या तुकड्याचे सरळ टोक भिंगाखाली पाहावे. त्यावर एकमेकांना समांतर बारीक ओरखडे असतील तर ती करवतीची खूण आहे आणि हाड मांसासाठी कापलेल्या जनावराचे आहे. त्याचा हलकेपणा व पांढुरका रंग याला जुळणारा आहे.

पहिल्या तुकड्याबद्दल मात्र आपली निराशा होण्याची शक्यता आहे. तो लांब हाडाच्या मधल्या भागाची कपची आहे, तिची भिंत जाड आहे, म्हणून ती मोठ्या सस्तन प्राण्याच्या पायाची असावी. पक्ष्याच्या हाडाची भिंत याहून फारच पातळ असते. परंतु दोन्ही टोके, म्हणजे सांध्याचे भाग, नाहीसे झाले आहेत, आणि ज्यावरून प्राणी ओळखायचा ते सारे त्या टोकांवरच असते. ‘मोठा सस्तन प्राणी, पायाचे लांब हाड, जाती अनिश्चित’ एवढीच नोंद मी करीन, आणि ही नोंद अपुरी आहे असे मला वाटत नाही. जेवढे दिसते तेवढेच नाव द्यावे, ही या कामातील मूलभूत शिस्त आहे. इंग्रज निसर्ग-अभ्यासक रॉबर्ट प्लॉट यांनी १६७७ साली ऑक्सफर्डशायरमधील खाणीतून मिळालेल्या एका प्रचंड हाडाचे चित्र प्रसिद्ध केले. ते मांडीच्या हाडाचे खालचे टोक आहे, हे त्यांनी अचूक ओळखले. मग ते रोमनांनी आणलेल्या हत्तीचे असेल का, असा विचार त्यांनी केला, प्रत्यक्ष हत्तीच्या हाडांशी तुलना करून तो सोडून दिला आणि अखेर ते राक्षसी देहाच्या माणसाचे ठरवले. मूळ हाड हरवले, पण चित्रावरून ते मेगॅलोसॉरस किंवा त्याच्यासारख्या मांसाहारी डायनोसॉरचे मानले जाते. मेगॅलोसॉरस हे नावच १८२४ साली दिले गेले. प्लॉट यांच्या काळी योग्य उत्तर उपलब्धच नव्हते. अवयवाची ओळख बरोबर होती, तुलना करण्याची पद्धतही प्रामाणिक होती. पुढची एक पायरी पुराव्याशिवाय चढल्याने चूक झाली.

प्रश्न : हाडाला जळती काडी लावावी, केस जळाल्यासारखा वास आला तर हाड ताजे आणि न आल्यास जीवाश्म, असे ऐकले आहे. जिभेला चिकटते ते जीवाश्म, असेही सांगतात. या कसोट्या घरी कराव्यात का?

उत्तर : दोन्ही करू नयेत, अशी माझी विनंती आहे. पहिल्या कसोटीमागचे तत्त्व खरे आहे. ताज्या हाडाच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग सेंद्रिय असतो, त्यात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन असते, आणि वास येतो तो त्याच्या जळण्याचा. परंतु थंड प्रदेशात किंवा हवाबंद मातीत कोलॅजेन हजारो वर्षे टिकते, त्यामुळे वास आला म्हणून हाड अलीकडचे ठरत नाही. याहून गंभीर बाब अशी, की जे कोलॅजेन आपण जाळतो त्यावरच कार्बन-१४ पद्धतीने वय ठरवता येते. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, ५,७३० वर्षे असल्याने साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच्या हाडांसाठी ही पद्धत चालते. प्राचीन डीएनए उरला असेल तर तोही उष्णतेने नष्ट होतो. एका वासासाठी एवढी किंमत मोजू नये.

जीभ चिकटते ती हाडातील सूक्ष्म रंध्रे ओलावा शोषून घेतात म्हणून. सुकलेली चिकणमातीही अशीच चिकटते, उन्हात वाळलेले अलीकडचे हाडही चिकटते आणि रंध्रे खनिजांनी पूर्ण भरलेला जीवाश्म मुळीच चिकटत नाही. शिवाय ओढ्यातील हाड रोगाने मेलेल्या जनावराचे असू शकते. ते तोंडाजवळ नेणे आरोग्यास घातक आहे. हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

भंगाचा आकार पाहणे ही बिनखर्चाची आणि बिननुकसानीची कसोटी आहे. ओलसर, ताजे हाड मोडते तेव्हा भेग त्याच्याभोवती नागमोडी, तिरपी फिरते आणि कडा गुळगुळीत राहतात. वाळलेले किंवा अश्मीभूत हाड आडवे, पायऱ्यापायऱ्यांनी तुटते व कड खरबरीत होते. यावरून हाड कोणत्या अवस्थेत मोडले ते समजते. प्राणी मेला त्याच सुमारास मोडलेले हाड पुढे अश्मीभूत झाले असेल, तर भंग ताज्या हाडासारखाच दिसेल. म्हणून भंगाच्या पृष्ठभागाचा रंगही पाहावा. तो बाहेरच्या रंगासारखाच असेल तर मोडतोड जुनी आहे, उजळ असेल तर अलीकडची.

प्रश्न : तुकडेच का सापडतात? उरलेला सांगाडा कोठे असेल, आणि तो शोधण्यासाठी काठ खणावा का?

उत्तर : मेलेल्या प्राण्याचे शव प्रथम मांसभक्षक प्राणी विस्कटतात, नंतर ऊन व पाऊस हाडांना तडे देतात, आणि उरलेले पाणी निवडून नेते. हे ‘निवडणे’ अक्षरशः खरे आहे. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ मायकेल वूऱ्हीज यांनी मेंढी व कोयोटी (लांडग्यासारखा अमेरिकी प्राणी) यांची हाडे कृत्रिम प्रवाहात सोडून केलेले निरीक्षण १९६९ साली प्रसिद्ध केले. बरगड्या व मणके सर्वांत आधी वाहून जातात, पायांची लांब हाडे त्यानंतर हळूहळू सरकतात, कवटी आणि खालचा जबडा मागे राहतात, असे त्यांना दिसले. म्हणून एका वळणावर मिळालेले तुकडे एकाच प्राण्याचे, किंवा एकाच काळातील, असतील असे समजू नये. आपल्याच सहा वस्तूंत कासव, समखुरी प्राणी, करवतीने कापलेले हाड आणि लाव्हाचा दगड एकत्र आले आहेत.

मूळ जागेचा मागोवा ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत जाऊन घेता येतो. जसजशी हाडांची मूळ जागा जवळ येते तसतशा तुकड्यांच्या कडा अधिक धारदार दिसतात, कारण त्या कमी घासलेल्या असतात. आणि एका ठिकाणापलीकडे तुकडे मिळणे थांबते. तेथे थांबून दोन्ही काठ निरखावेत. हाड काठात रुतलेले दिसले, तर तोच या शोधातील सर्वांत मोलाचा क्षण आहे, कारण आता हाड आणि थर एकत्र मिळाले आहेत. वूऱ्हीज यांनाच १९७१ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एका घळीच्या काठातून डोकावणारी गेंड्याच्या पिलाची कवटी दिसली. ती ज्वालामुखीच्या राखेच्या थरात होती. पुढे तेथे पद्धतशीर उत्खनन झाले, तेव्हा सुमारे १.२ कोटी वर्षांपूर्वी एका पाणवठ्याभोवती राखेने मेलेले गेंडे, घोडे व उंट, कित्येकांचे सांगाडे जसेच्या तसे, बाहेर आले. ती कवटी कोणी उपटून घरी नेली असती, तर हा थर कोठे आहे हे कदाचित कोणाला कळलेही नसते.

म्हणून काठ खणू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, एक छायाचित्र संपूर्ण काठ दिसेल असे दूरून घ्यावे, पाण्याच्या पातळीपासून हाडाची उंची मोजावी, थर वाळूचा, मातीचा की गोट्यांचा आहे ते लिहावे, भ्रमणध्वनीवरून अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि जवळच्या संग्रहालयातील किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातील अभ्यासकांना कळवावे. काठ कोसळणारा असेल तर त्याखाली उभेही राहू नये. जीवाश्म उचलण्याविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि जागेच्या मालकाची परवानगी सर्वत्रच लागते. या दोन्हींची चौकशी आधी करावी. हाड मानवी असल्याची शंका जरी आली, तरी ते न हलवता पोलिसांना कळवावे. ते प्राचीन की अलीकडचे, हा निर्णय आपण तेथे करावयाचा नाही.

प्रश्न : घरी आणलेले तुकडे तडकू लागले आहेत. वार्निश किंवा घरगुती डिंक लावला तर चालेल का?

उत्तर : तडे बहुधा घाईने वाळवल्यामुळे पडले आहेत. पाण्यात दीर्घकाळ राहिलेले हाड उन्हात ठेवले, की बाहेरचा भाग आधी आकसतो आणि आतला ओला राहतो. या ताणाने ते फुटते. तुकडे सावलीत, सैल कागदाने झाकून, कित्येक दिवस वाळू द्यावेत. माती मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढावी. व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल वापरू नये, कारण हाडाचे खनिज त्यात विरघळते.

वार्निश कालांतराने पिवळे पडते व काढता येत नाही. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाची अॅक्रिलिक राळ अॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. ती पुन्हा अॅसिटोननेच काढता येते, हा तिचा मोठा गुण. परंतु आपल्या तुकड्यांना सध्या तीही लावू नये, कारण चौथा तुकडा आणि दाढ यांच्या वयाची तपासणी करावयाचे ठरले, तर बाहेरचा कोणताही पदार्थ नमुना दूषित करतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत ठेवावा, आत क्रमांकाची चिठ्ठी टाकावी आणि त्याच क्रमांकाखाली वहीत तारीख, ठिकाण व ओढ्याच्या कोणत्या बाजूला तो मिळाला ते लिहावे. वळणाची जागा आज आपल्याला डोळ्यांसमोर दिसते आहे. पुढच्या पुरानंतर ते वळणच कदाचित तेथे नसेल, तेव्हा ही नोंद याच आठवड्यात करावी.